विद्यापीठाचे नाव बदलले, दप्तर कधी उघडणार?

पुनावळ्याच्या आमच्या विहारात दर रविवारी वंदना झाल्यानंतर मुलामुलींचा अभ्यासवर्ग बसतो. एके काळी या गावाच्या शिवारात ज्वारी-बाजरी डोलत होती. १९९७ साली गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले, पाठोपाठ हिंजवडीची आयटी कंपन्यांची नगरी वाढली आणि आता विहाराच्या खिडकीतून महामार्गापलीकडचे वीस-वीस मजली टॉवर दिसतात. आजूबाजूला ताथवडे-वाकडकडे कॉलेजेच कॉलेजे. इंजिनिअरिंगची, मॅनेजमेंटची, वकिलीची. शिक्षणाचा असा बाजार आपल्या आजोबा-पणजोबांनी स्वप्नातही पाहिला नसेल.

मागे एका रविवारी वर्ग संपल्यावर इतिहासात एम.ए. करणारी एक मुलगी थांबून राहिली. तिची आई एका कॉलेजात कंत्राटदाराच्या हाताखाली झाडलोट करते. मुलीने प्रबंधासाठी विषय मांडला होता तो असा : आपल्या भागातील जुन्या शिक्षणसंस्था कोणाच्या पैशातून, कोणाच्या जमिनीवर आणि कोणाच्या श्रमातून उभ्या राहिल्या? मार्गदर्शकांनी कागद वाचला, बाजूला ठेवला आणि म्हणाले, "हा इतिहासाचा विषय नाही, हा राजकारणाचा विषय आहे. दुसरा काहीतरी घे." त्या गृहस्थांचे नाव आणि त्यांची संस्था मी येथे लिहीत नाही. प्रश्न एका माणसाचा नाही. मुलीने मला विचारले, "वकीलकाका, मग आपला इतिहास कोणत्या विभागात शिकवतात?"

पंचवीस वर्षांच्या वकिलीत उलटतपासणीला मी कधी घाबरलो नाही. या प्रश्नापुढे मात्र गप्प बसलो. आजचा हा लेख त्या गप्प बसण्याची भरपाई आहे.

तिकडे काय झाले?

ज्या विषयाला आपल्याकडे 'राजकारण' म्हणून बाजूला सारले जाते, तो विषय अमेरिकेतल्या आणि ब्रिटनमधल्या नामांकित विद्यापीठांनी स्वतःहून हाती घेतला आहे. ब्राउन विद्यापीठाच्या अध्यक्षपदी रूथ सिमन्स या कृष्णवर्णीय विदुषी आल्या. गुलामांच्या वंशात जन्मलेल्या या बाईंनी २००३ साली एक समिती नेमली आणि सांगितले, आपल्या विद्यापीठाचा गुलामीशी काय संबंध होता तो शोधून काढा. २००६ साली समितीने अहवाल दिला. विद्यापीठाच्या संस्थापकांत आणि देणगीदारांत गुलामांचा व्यापार करणारे होते, हे विद्यापीठाने स्वतःच्याच कागदांवरून कबूल केले.

जॉर्जटाऊन विद्यापीठाची गोष्ट तर अंगावर काटा आणणारी आहे. १८३८ साली ते कॉलेज चालवणाऱ्या जेझुइट पाद्र्यांनी आपल्या मालकीची २७२ माणसे लुइझियानातल्या मळेवाल्यांना विकली. त्या पैशाचा काही भाग कॉलेजचे कर्ज फेडण्यास गेला. बाया, म्हातारे, दुधावरची लेकरे, सगळी विक्रीच्या यादीत होती. त्या यादीत पहिले नाव आयझॅक नावाच्या माणसाचे आहे. २०१६ साली विद्यापीठाच्या समितीने हे सारे मांडले. ज्याने हा सौदा केला त्या माजी अध्यक्षाचे नाव इमारतीवरून उतरले आणि २०१७ साली तिथे आयझॅक हॉकिन्सचे नाव लागले. विकल्या गेलेल्या माणसांच्या वंशजांना प्रवेशात प्राधान्य देण्याचेही विद्यापीठाने ठरवले.

येल विद्यापीठाची गोष्ट तर थेट भारताशी येऊन भिडते. ज्या एलिहू येलचे नाव त्या विद्यापीठाला आहे, तो ईस्ट इंडिया कंपनीचा मद्रासचा गव्हर्नर होता. मद्रासच्या किल्ल्यातून त्या काळी गुलाम जहाजावर चढवले जात आणि त्या कारभारावर याचीच देखरेख होती. त्याने १७१८ साली कॉलेजला जो माल दिला, त्यात हिंदुस्थानी कापडाचे गठ्ठे होते. ते विकून आलेल्या पैशातून कॉलेज सावरले. गुलामीशी असलेल्या आपल्या संबंधांबद्दल येलने २०२४ साली जाहीर माफी मागितली.

आणि आता आपल्या जिव्हाळ्याचे नाव. बाबासाहेब १९१३ साली ज्या विद्यापीठात गेले, त्या कोलंबियाने २०१७ साली आपला शोध लोकांपुढे ठेवला. एरिक फोनर या इतिहासकाराच्या हाताखाली विद्यार्थ्यांनीच जुनी दप्तरे चाळली होती. कॉलेजच्या पहिल्या दहा अध्यक्षांपैकी किमान निम्म्यांनी आयुष्यात कधी ना कधी गुलाम बाळगले होते, असे त्यात निघाले. ध्यानात घ्या, हा शोध विद्यार्थ्यांनी घेतला, आपल्याच वर्गात, आपल्याच गुरुजींच्या हाताखाली. इकडे आमच्या मुलीला सांगितले जाते, "दुसरा काहीतरी विषय घे."

तिकडे सारे आलबेल आहे असे मी म्हणत नाही. हार्वर्डने २०२२ साली अहवाल काढून १० कोटी डॉलर बाजूला ठेवले, पण गुलामांचे वंशज शोधणाऱ्या आपल्याच कर्मचाऱ्यांना २०२५ च्या जानेवारीत कामावरून कमी केले. हिशेब जसजसा खोल जातो, तसतसा तो मालकांना टोचू लागतो. पण दप्तर एकदा उघडले की ते पुन्हा पूर्वीसारखे बंद होत नाही, एवढे मात्र खरे.

आपल्या पुण्याचे खाते

कुणी म्हणेल, अमेरिकेत गुलाम होते, आपल्याकडे कुठे होते? शाळेच्या पुस्तकाने आपल्याला असेच शिकवले. पण पेशवाईच्या कागदांत 'कुणबीण' आणि 'बटीक' हे शब्द जागोजागी सापडतात. या विकत घेतलेल्या, पकडून आणलेल्या किंवा शिक्षा म्हणून गुलाम केलेल्या बाया होत्या. सरकारी कोठीत, पागेत, वाड्यांत त्या राबत. त्यांची खरेदी-विक्री होई आणि तिची नोंद होई. सुमित गुहा यांच्यासारख्या इतिहासकारांनी मराठी कागदांवरूनच ही व्यवस्था उलगडून दाखवली आहे. ज्यांना सावित्रीमाईंच्या लेकी म्हणवून घेण्याचा अभिमान आहे, त्यांनी या बायांची आठवण आधी केली पाहिजे.

याच पेशवाईत दरवर्षी श्रावणात दक्षिणा वाटली जाई. विद्वान म्हणून आणि पुढे पुढे केवळ ब्राह्मण म्हणून हजारो लोक पुण्यात येऊन ती घेऊन जात. तो पैसा कोठून येई? रयतेच्या साऱ्यातून. महार, मांग, कुणबी, माळी, धनगर, सगळ्यांच्या घामातून. खजिना एकच होता. ज्या खजिन्यात बाया विकल्याचा कर पडे, त्याच खजिन्यातून दक्षिणा निघे.

१८१८ साली भीमा कोरेगावच्या लढाईनंतर काही महिन्यांत पेशवाई बुडाली. नव्या इंग्रज सरकारपुढे प्रश्न आला, दक्षिणेच्या या पैशाचे करायचे काय? उत्तर असे निघाले की त्यातला काही भाग एका विद्यालयासाठी वापरायचा. १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. सुरुवातीला ती ब्राह्मण विद्यार्थ्यांसाठीच होती. पुढे १८५१ मध्ये तिचे पूना कॉलेज झाले आणि १८६४ पासून ते डेक्कन कॉलेज म्हणून ओळखले जाऊ लागले. आज ते अभिमत विद्यापीठ आहे. संस्था आपला जन्म १८२१ सालचा सांगते आणि त्या जुनेपणाचा सार्थ अभिमानही बाळगते. पण मग त्या जन्माबरोबर आलेला ताळेबंदही आपलाच मानायला नको काय?

एक तारीख वकील म्हणून मला विशेष महत्त्वाची वाटते. हिंदुस्थानात गुलामीला न्यायालयात मान्यता नाही, असे सांगणारा कायदा १८४३ साली झाला. गुलाम म्हणून माणूस विकणे हा गुन्हा ठरायला १८६० सालची दंडसंहिता यावी लागली. म्हणजे पुण्याची ही पाठशाळा सुरू झाल्यानंतरची पहिली २२ वर्षे या देशात माणसावरची मालकी न्यायालयाला मान्य होऊ शकत होती. एका बाजूला विश्रामबागवाड्यात व्याकरण आणि न्यायशास्त्र शिकवले जात होते. त्याच काळात माणसाला माणसाची मालमत्ता म्हणणे बेकायदा नव्हते.

या दक्षिणेवर पहिला बोट ठेवणारेही पुण्यातलेच होते. १८४९ साली लोकहितवादी आणि इतर सुधारकांनी सरकारकडे अर्ज केला की या फंडातील काही पैसा मराठी ग्रंथांसाठी द्यावा. केवढा गहजब झाला! सनातनी मंडळी खवळून उठली. तेव्हा या सुधारकांच्या पाठीशी जोतिराव फुले आपली माणसे घेऊन उभे राहिले आणि ही माणसे अस्पृश्य व कष्टकरी जातींतली होती, अशी हकिगत धनंजय कीर यांनी जोतिरावांच्या चरित्रात दिली आहे. म्हणजे विद्येच्या पैशाचा हिशेब मागायला आमचे पूर्वज १८४९ मध्येच रस्त्यावर उतरले होते. पुढे १८७३ साली जोतिरावांनी 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केली. १८८२ साली हंटर आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी सरकारला स्पष्ट सुनावले की सारा भरतो शेतकरी आणि त्या पैशातून उच्च शिक्षण घेतात वरच्या जातीचे लोक. ज्या शोधाला आज अमेरिकेतली विद्यापीठे नवा म्हणतात, त्याचा पहिला मसुदा फुलेवाड्यात तयार झाला होता.

राजाबाई टॉवरचा कापूस

आता मुंबईकडे वळू. मुंबई विद्यापीठ १८ जुलै १८५७ रोजी स्थापन झाले. त्याची शान म्हणजे राजाबाई टॉवर. मुंबईचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ साली ग्रंथालयासाठी २ लाख आणि घड्याळाच्या मनोऱ्यासाठी आणखी २ लाख रुपये दिले. मनोऱ्याला आईचे नाव दिले. १८७८ साली मनोरा पुरा झाला.

हे २ आणि २ मिळून ४ लाख कोणत्या काळातले? अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालू होते. त्याआधी इंग्लंडच्या गिरण्यांना लागणारा बहुतेक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून येई आणि तो काळ्या गुलामांच्या हातांनी वेचलेला असे. युद्धात त्या बंदरांची नाकेबंदी झाली. कापूस मिळेना, तेव्हा गिरणीवाले मुंबईकडे धावले. खानदेश, वऱ्हाड, गुजरातच्या कापसाचा भाव गगनाला भिडला आणि मुंबईत पैशाचा पाऊस पडला. त्या पावसातला थेंब म्हणजे राजाबाई टॉवर.

येथे मी शब्द जपून वापरतो. हा पैसा गुलामांच्या विक्रीचा होता, असे म्हणणे खोटे ठरेल. तो गुलामांच्या मुक्तियुद्धामुळे चढलेल्या भावाचा पैसा होता. पण त्या भावाचा लाभ कोणाला झाला? व्यापाऱ्याला, दलालाला, सावकाराला. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळला आणि प्रेमचंदही बुडाले. मनोरा मात्र उभा राहिला. आणि शेतकरी? सावकाराच्या वहीत अडकला. १८७५ साली सुपे येथे सावकारांच्या वह्या जाळणारा दख्खनचा उठाव झाला, त्यामागच्या कारणांत कापसाचा कोसळलेला भाव हे एक होते. मुंबईचा मनोरा आणि सुप्याची होळी ही एकाच कापसाची दोन टोके आहेत. विद्यापीठाच्या माहितीपत्रकात पहिले टोक दिसते, दुसरे दिसत नाही.

स्कॉटलंडच्या ग्लासगो विद्यापीठाचे उदाहरण येथे उपयोगी पडते. त्या विद्यापीठात गुलामीविरुद्ध आवाज उठवणारी माणसे होती. तरी २०१८ साली त्यांनी कबूल केले की गुलामीतून श्रीमंत झालेल्यांच्या देणग्या आम्ही घेतल्या. २०१९ साली त्यांनी वेस्ट इंडीज विद्यापीठाबरोबर २ कोटी पौंडांच्या कामाचा करार केला. 'आम्ही स्वतः गुलाम ठेवले नाहीत' एवढ्यावर त्यांनी हात झटकले नाहीत. देणगी कोठून आली, हे विचारणे देणगीदाराचा अपमान नव्हे. हिशेब ठेवणाऱ्या संस्थेचे ते कर्तव्य आहे.

दारात उभा असलेला मुलगा

पैसा कोठून आला हा अर्धा प्रश्न. उरलेला अर्धा, दाराबाहेर कोण उभे होते? मुंबई विद्यापीठ स्थापन होण्याच्या एकच वर्ष आधी, १८५६ साली, धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते. मुलाच्या वतीने सरकारकडे अर्ज गेला. सरकारने उत्तर दिले ते असे की, एका मुलासाठी शाळा चालवली तर बाकीचे सारे शाळा सोडून जातील. १९२८ साली सायमन कमिशनपुढे मुंबई इलाख्यातील अस्पृश्यांच्या शिक्षणाचे निवेदन करताना बाबासाहेबांनी हेच प्रकरण पुराव्यासह मांडले. ज्या मुलाला शाळेचा उंबरठा ओलांडता आला नाही, त्याला वर्षभराने उघडलेल्या विद्यापीठाचा काय उपयोग? कायद्याने ते दार सगळ्यांना उघडे होते, पण दारापर्यंतचा रस्ताच बंद होता.

आणि तो मुलगा शाळेत गेला नाही, तर दिवसभर करत काय होता? वेठ. महार वतनाची कामे म्हणजे चोवीस तासांची बांधिलकी होती. सरकारी अंमलदाराचे ओझे वाहा, सांगावा पोहोचवा, वेशीवर जागा, मेलेली ढोरे ओढा. वतनदार घरी नसेल तर त्याच्या बापाला धरून न्यायचे. मोबदला म्हणजे जमिनीचा तुकडा आणि दारोदारची शिळी भाकर. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदे मंडळात या वतनाविरुद्ध विधेयक आणले ते उगाच नव्हे. त्यांनी गुलामी आणि अस्पृश्यता यांची तुलना करून दाखवून दिले होते की गुलामाला पोसण्यात मालकाचा स्वार्थ तरी असतो. अस्पृश्याची जबाबदारी मात्र कोणावरच नसते आणि त्याला आपण गुलाम आहोत हेही कळू दिले जात नाही. १९४६ साली त्यांनी अमेरिकेतले काळ्यांचे नेते डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांना पत्र लिहून आपल्या दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्य सांगितले होते. आपला प्रश्न आणि त्यांचा प्रश्न शेजारी शेजारी ठेवून पाहण्याची परंपरा अशी आपल्याच घरातली आहे.

गणेशखिंड आणि आजीची गोष्ट

पुनावळ्याहून पंधरा-सोळा किलोमीटरवर गणेशखिंडीत सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आहे. विद्यापीठ १९४९ चे, पण त्याची मुख्य इमारत १८६४ ते १८७१ या काळात मुंबईच्या गव्हर्नरसाठी बांधलेला बंगला आहे. त्याआधी गव्हर्नर पावसाळ्यात आपल्याच पिंपरी-चिंचवडच्या दापोडीत उतरत. १८६४ म्हणजे तोच कापसाच्या तेजीचा काळ, हे वाचकांच्या ध्यानात आले असेलच.

माझी आजी सांगत असे की तिच्या सासऱ्यांचे वडील 'खिंडीतल्या लाटसाहेबाच्या बंगल्यावर' दगड वाहायला धरून नेले होते. मजुरी मिळाली की वेठ होती, आजीला ठाऊक नव्हते. एवढेच ठाऊक होते की ते परत आले तेव्हा खांद्यावर गाठ आली होती आणि ती मरेपर्यंत गेली नाही. मी त्याच इमारतीत पदवीदान समारंभाला गेलो तेव्हा आजी नव्हती. मी त्या दगडी भिंतीला हात लावून पाहिला. लोकांना वाटले, हा फोटो काढायला थांबला आहे.

न्यायालयात मी ही गोष्ट सांगितली तर समोरचा वकील हसेल. ऐकीव गोष्ट, पुरावा कोठे? आणि कायद्याच्या हिशेबाने तो बरोबर असेल. कागद ठेवण्याचा हक्क ज्यांना होता, त्यांचा इतिहास पुरावा ठरतो. ज्यांना अंगठा उठवण्यापलीकडे कागद ठाऊक नव्हता, त्यांच्या इतिहासाची दंतकथा होते. म्हणूनच दप्तर उघडले पाहिजे. बांधकामाची हजेरीपत्रके, मजुरीचे पावते, जमीन घेतल्याचे कागद, वतनाच्या नोंदी जेथे जेथे असतील तेथून बाहेर काढल्या पाहिजेत. आजीची गोष्ट खरी ठरो वा खोटी, पण ती तपासली गेली पाहिजे. न तपासता खोटी म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही.

आमचेच लोक काय म्हणतील?

चळवळीतलेच काही मित्र म्हणतात, "वकीलसाहेब, कशाला जुनी मढी उकरता? याच विद्यापीठांत शिकून आपण वर आलो. बाबासाहेब एल्फिन्स्टनमध्ये शिकले, मुंबई विद्यापीठाची बी.ए. त्यांनी १९१२ साली घेतली. मग ही विद्यापीठे वाईट कशी?"

विद्यापीठे वाईट आहेत असे मी म्हणतच नाही. घर आपले झाले म्हणूनच घराचे खरेदीखत आपण वाचले पाहिजे. कोलंबियाने आपले दप्तर उघडले म्हणून बाबासाहेबांच्या पदवीची किंमत कमी झाली नाही. उलट ज्या संस्थेच्या अध्यक्षांनी गुलाम बाळगले, तिथूनच गुलामीवर घाव घालणारा महामानव शिकून बाहेर पडला, हा इतिहास अधिक उजळ झाला.

दुसरे मित्र म्हणतात, "नाव तर बदलले ना?" होय, बदलले. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी १९७८ च्या ठरावापासून १४ जानेवारी १९९४ पर्यंत आपण सोळा वर्षे लढलो. पोचिराम कांबळेंनी प्राण दिले, गौतम वाघमारेंनी स्वतःला जाळून घेतले. घरे जळाली, गावे सोडावी लागली. २०१४ साली पुणे विद्यापीठाला सावित्रीमाईंचे नाव मिळाले. या लढ्यांचे मोल मी जाणतो. पण नाव हे दारावर असते आणि दप्तर आतल्या खोलीत. आपण दारापर्यंत पोहोचलो. आतल्या खोलीची किल्ली अजून आपल्या हातात नाही. ज्या विद्यापीठाला सावित्रीमाईंचे नाव आहे, त्या नावाखाली वेठीचा आणि कुणबिणींचा इतिहास शिकायला मिळत नसेल, तर ते नाव पाटीपुरतेच राहील.

करायचे काय?

भाषण करून लेख संपवणे सोपे आहे. मला काही कामे सांगायची आहेत.

पहिले, माहितीचा अधिकार. सार्वजनिक विद्यापीठे २००५ च्या कायद्याखाली येतात. अर्जाला १० रुपये लागतात आणि ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. या कायद्यात एक कलम आहे, ८ चे पोटकलम ३. वीस वर्षांपूर्वीच्या घटनांची माहिती नाकारण्यासाठी बहुतेक सबबी चालत नाहीत, असे ते सांगते. दीडशे वर्षांपूर्वीच्या बांधकामाचे कागद गोपनीय आहेत, असे कोणी म्हणाले तर त्याला हे कलम दाखवा. मसुदा लागला तर माझ्याकडे या, फी नाही.

दुसरे, मोडी. पेशवे दप्तराचे कोट्यवधी कागद पुण्याच्या पुराभिलेखागारात आहेत आणि ते बहुतांश मोडीत आहेत. आपल्या पोरांनी एमपीएससीचे क्लास लावले, चांगलेच केले. पण प्रत्येक विहारातून दोघांनी तरी मोडी शिकावी. जोवर आपले कागद दुसरे वाचतात, तोवर आपल्याला तेवढेच कळणार जेवढे ते सांगतील.

तिसरे, आठवणी. पुनावळे, ताथवडे, मारुंजी, रावेत, दापोडी, पिंपळे या गावांच्या जुन्या वस्त्यांत अजून ऐंशी-नव्वदीची माणसे आहेत. वतनाची कामे त्यांनी स्वतः केली आहेत किंवा बापाला करताना पाहिली आहेत. मोबाइलवर त्यांचे बोलणे मुद्रित करा. तारीख, नाव, गाव लिहून ठेवा. पुढच्या पावसाळ्यापर्यंत यातले किती जण राहतील?

चौथे, विद्यापीठांकडे मागणी. पुण्यातील आणि मुंबईतील जुन्या विद्यापीठांनी आपापल्या पैशाचा, जमिनीचा, श्रमाचा आणि प्रवेशाचा इतिहास शोधण्यासाठी समित्या नेमाव्यात. त्यात बाहेरचे इतिहासकार असावेत, आपल्या समाजातील संशोधक असावेत आणि विद्यार्थीही असावेत. अहवाल मराठीत प्रसिद्ध व्हावा. आणि अहवालाबरोबर काही ठोस द्यावे : वसतिगृहे, संशोधनवृत्त्या आणि भिंतीवर एक पाटी, जिच्यावर ती भिंत बांधणाऱ्यांची आठवण असेल.

पाचवे काम आजचे आहे. त्या मुलीची आई पहाटे साडेपाचला घर सोडते. कॉलेजचे वर्ग भरण्याआधी तिला मजले झाडून, संडास धुऊन चकाचक करायचे असतात. पगार कंत्राटदार देतो, कधी वेळेवर, कधी उशिरा, आणि कागदावरचा आकडा हातात कधी पडत नाही. संविधानाच्या कलम २३ ने वेठबिगारीला बंदी केली आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली आशियाई क्रीडा स्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सांगितले की किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबवून घेणे हीसुद्धा वेठ आहे. मग सांगा, विद्यापीठांचा आणि वेठीचा संबंध हा फक्त जुन्या दप्तरातला विषय आहे काय? शोधाची सुरुवात १८२१ च्या कागदापासून करा, पण शेवट आज सकाळच्या हजेरीपटापर्यंत न्या.

त्या मुलीला मी पुढच्या रविवारी उत्तर दिले. म्हटले, बाई, आपला इतिहास अजून कोणत्याच विभागात शिकवत नाहीत. तो विभाग तुलाच उघडायचा आहे. तिने विषय बदलला नाही. पुन्हा अर्ज केला आहे आणि या वेळी सोबत एल्फिन्स्टनच्या काळापासूनच्या तारखांची यादी जोडली आहे. माहितीच्या अधिकाराचा पहिला अर्ज तिच्याच हाताने लिहिलेला आहे. तिच्या आईने तो घडी घालून पिशवीत ठेवला, झाडू ठेवतात त्याच पिशवीत, आणि टपालपेटीत टाकायला घेऊन गेली.

अर्जाला उत्तर येवो वा न येवो, अपील करायला आम्ही आहोत. जय भीम.